आबे फारिया : गोव्याचे धर्मगुरू, पॅरिसचे व्याख्याते

पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला ब्राँझचा एक पुतळा आहे. झगा घातलेले एक धर्मगुरू हात पसरून उभे आहेत आणि त्यांच्यासमोर एक स्त्री मागे कलंडली आहे. पनवेलहून कोकण रेल्वेने सुट्टीला गोव्यात जाणाऱ्या आपल्या धर्मग्रामस्थांनी तो पाहिला असेल. नवख्याला वाटते, हा कुणी मांत्रिक असावा. फादरांच्या हयातीतही अनेकांना तसेच वाटले आणि त्याची मोठी किंमत त्यांना मोजावी लागली.

जुझे कुस्तोदियो दे फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देशातील कांदोळी गावी झाला. घरची कथा जगावेगळी. वडील कायतान व्हितोरिन हे कोलवाळचे. गुरुपदाचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी लग्न केले होते. पुढे पतिपत्नीचे पटेना, तेव्हा ख्रिस्तसभेच्या परवानगीने दोघे विभक्त झाले. वडील धर्मगुरू झाले, तर आई जुन्या गोव्यातील सांता मोनिकाच्या मठात धर्मभगिनी झाली. १७७१ साली वडील पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन लिस्बनला निघाले. प्रवासाला नऊ महिने लागले.

तेथून जुझे रोमला गेले आणि १७८० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला पोप सहावे पायस यांच्यासमोर सिस्टाइन चॅपेलमध्ये त्यांनी प्रवचन दिले. गोव्याच्या खेड्यातील तरुणाला हा मान मिळाला! लिस्बनच्या राजघराण्याच्या चॅपेलमध्ये मात्र समोरचे सरदार-दरकदार पाहून त्यांची वाचाच बसली. गोव्यात आजही सांगतात, की वडिलांनी हळूच कोकणीत सुचवले, ही सारी भाजी आहे, चिरून टाक. मुलाची भीती पळाली. एका शब्दाने माणसाच्या मनात एवढा पालट कसा होतो, हा प्रश्न त्यांना तेव्हापासून पडला असे म्हणतात.

१७८७ साली गोव्यात पिंटोंचे बंड उघडकीस आले. स्थानिक धर्मगुरूंना वरच्या जागा नाकारल्या जात, हे त्यामागचे एक कारण होते. फारिया पितापुत्रांवरही संशय आला आणि १७८८ साली जुझे पॅरिसला गेले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीतही ते तेथेच होते. आबे म्हणजे फ्रेंचमध्ये फादर. तेच त्यांचे नाव होऊन बसले.

त्या काळी मेस्मर या डॉक्टरांच्या उपचारांचा बोलबाला होता. आपल्या अंगातील चुंबकीय द्रव रोग्यात जातो आणि त्याला गुंगी येते, असे त्यांचे मत. ऑगस्ट १८१३ पासून आबे फारियांनी पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर व्याख्याने सुरू केली. तेथे ते माणसाला खुर्चीत बसवत, मन एकाग्र करायला सांगत आणि मग झोपण्याची आज्ञा देत. पुष्कळजण खरोखरच झोपत. त्यांचे म्हणणे साधे होते: असा कोणताही द्रव नाही आणि माझ्या अंगात कसलीही शक्ती नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्याच मनात घडते.

या एका वाक्याने दोन्ही बाजू दुखावल्या. द्रव मानणारे रागावले, आणि ख्रिस्तसभेतील काहींना त्यात सैतानाचा हात दिसला. निद्रेची ही शक्ती देवाने घडवलेल्या मानवी स्वभावाचाच भाग आहे, ती जादू नव्हे, हे फादर परोपरीने सांगत राहिले. तेवढ्यात एका नटाने झोपेचे सोंग घेऊन त्यांना फसवले आणि १८१६ साली त्यांची टिंगल करणारे नाटक रंगभूमीवर आले. त्यानंतर व्याख्यानांना कोण येणार? धर्मभगिनींच्या एका मठात चॅपलेन म्हणून त्यांनी उरलेले दिवस काढले. मिस्सा आणि लेखन, एवढेच त्यांचे काम उरले. सैतानाच्या आरोपाने पोळलेल्या या माणसाने धर्मगुरूपद मात्र सोडले नाही, हे मला फार मोठे वाटते.

२० सप्टेंबर १८१९ रोजी ते निधन पावले. निद्रेवरचा त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी निघाला. माँमार्त्रच्या दफनभूमीत त्यांना पुरले, पण कबरीवर खूण राहिली नाही. पुढे आलेक्सांद्र द्युमा यांनी ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीतील कैदी धर्मगुरूला त्यांचे नाव दिले. शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील नान्सीच्या डॉक्टरांनी सूचनेच्या सामर्थ्याविषयीचे त्यांचे मत उचलून धरले. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांशी बोलताना, वैद्यकीय उपचारासाठी काळजीपूर्वक संमोहन वापरण्यास हरकत नसल्याचे सांगितले. पणजीचा पुतळा त्याआधीच, १९४५ साली उभा राहिला होता. वडिलांचे कोलवाळ गाव थिवी स्टेशनपासून जवळच आहे.