विश्लेषण : मॅनेजरला आणखी वेळ द्यायचा की नारळ? हर्बर्ट चॅपमन यांची कारकीर्द काय सांगते?

युरोपात हल्ली चार-पाच सामने हरले की नव्या मॅनेजरच्या हकालपट्टीची चर्चा सुरू होते. हाच निकष शंभर वर्षांपूर्वी लावला असता, तर हर्बर्ट चॅपमन यांना आर्सेनलने केव्हाच नारळ दिला असता.

चॅपमन कोण होते?

यॉर्कशायरमधील खाणकामगाराचा हा मुलगा १८७८ मध्ये जन्मला. शिक्षण खाण अभियांत्रिकीचे, खेळाडू म्हणून मात्र साधारणच. मॅनेजर म्हणून त्यांनी हडर्सफील्डला १९२४ आणि १९२५ असे सलग दोनदा लीग विजेतेपद मिळवून दिले. त्याच उन्हाळ्यात ते आर्सेनलमध्ये आले. आदल्या मोसमात हा क्लब पहिल्या श्रेणीतून बाहेर पडता पडता वाचला होता. यशासाठी पाच वर्षे लागतील, असे चॅपमन यांनी आधीच सांगून ठेवले.

सुरुवात कशी झाली?

ऑक्टोबर १९२५ मध्ये न्यूकॅसलने आर्सेनलला ७-० असे धुतले. त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला होता. आक्रमकापुढे तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालणार होते, त्यामुळे सगळीकडे गोलांचा पाऊस पडत होता. मधल्या हाफला मागे, थेट बचावात आणायचे, असा आग्रह चार्ली बुकन या खेळाडूने धरला. चॅपमन यांनी तो मानला. कर्णधाराचे ऐकणारा मॅनेजर तेव्हा दुर्मीळच! दोन दिवसांनी वेस्ट हॅमवर ४-० असा विजय मिळाला आणि मोसमाअखेर संघ दुसरा आला.

मग अडचण कुठे होती?

पुढच्या चार मोसमांत क्रमांक होते ११, १०, ९ आणि १४. नुसता तक्ता पाहिला तर ही घसरणच. १९२७ ची एफए कप फायनलही कार्डिफविरुद्ध ०-१ अशी गमावली, तीही गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटल्याने.

पण तक्त्याबाहेर बरेच काही घडत होते. १९२७ मध्ये एडी हॅपगुड, १९२८ मध्ये डेव्हिड जॅक, १९२९ मध्ये ॲलेक्स जेम्स आणि किशोरवयीन क्लिफ बॅस्टिन आले. यातला प्रत्येक जण ठरलेल्या रचनेतील एकेका जागेसाठी होता. निकाल डळमळीत, आराखडा मात्र पक्का. दर पराभवानंतर डावपेच बदलणाऱ्या मॅनेजरला वेळ देणे आणि चॅपमन यांना वेळ देणे, यात हाच फरक आहे. शिवाय हडर्सफील्डचा पूर्वानुभव गाठीशी होताच. तो नसता तर क्लबला थांबणे जड गेले असते.

फळ कधी मिळाले?

एप्रिल १९३० मध्ये, म्हणजे १४ व्या क्रमांकाच्या त्याच मोसमात, आर्सेनलने एफए कप जिंकला. हरवले कोणाला? हडर्सफील्डला, २-० असे. १९३१ आणि १९३३ मध्ये लीगही जिंकली.

६ जानेवारी १९३४ रोजी न्यूमोनियाने चॅपमन यांचे निधन झाले. वय अवघे ५५. त्यांनी बांधलेल्या संघाने तो मोसम जिंकला आणि त्यापुढचाही.