कागदाची चटई

रंगीत कागदाला पाडलेल्या चिरा, दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या आणि ‘एक वर, एक खाली’. कागदाची चटई आपल्यापैकी अनेकांनी पहिली-दुसरीत विणली असेल. या विणकामाला बालशिक्षणात मानाचे पान देणारा माणूस लहानपणी स्वतः मठ्ठ ठरला होता, हे मला कॉलेजात आल्यावर कळले.

फ्रीडरिक फ्रोबेलचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतील ओबरवाइसबाख या खेड्यात झाला. वर्षाच्या आतच आई वारली. सावत्र आईला स्वतःचे मूल झाल्यावर हा परका झाला. वडील धर्मोपदेशक, त्यांना मुलगा मंद वाटला, म्हणून त्यांनी त्याला मुलींच्या शाळेत बसविले. पुढे वनाधिकाऱ्याकडे उमेदवारी, मग फ्रँकफुर्टला शिक्षकी, पेस्टालोझींचा सहवास आणि बर्लिनच्या संग्रहालयात स्फटिकांचा अभ्यास. स्फटिकांच्या रेखीव आकारांचे वेड त्याला जन्मभर पुरले.

१८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली. १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. तेथे घड्या घालणे, मातीकाम आणि चटई विणणे आले. कागदाच्या चारही कडा शाबूत ठेवून आत सारख्या अंतरावर चिरा द्यायच्या, त्यांतून पट्टी ओवायची. दुसरी पट्टी पहिलीच्या उलट. हे जमले की ‘दोन वर, एक खाली’. नक्षी बदलते आणि मूल बोटांनी मोजू लागते. एक घर चुकले की नक्षी तिथेच मोडते; मुलाला ते स्वतःला दिसते आणि तेच पट्टी उसवते. मास्तरांना मठ्ठ म्हणायला जागाच उरत नाही! मला तरी या चटईचे मोल इथेच वाटते.

पण हीच बाग सरकारला खुपली. ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाने किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप नास्तिकतेचा आणि समाजवादाचा. पुतण्या कार्ल फ्रोबेलच्या लेखनाचे खापर काकांवर फुटले. खुलासे केले, अर्ज केले. उपयोग झाला नाही. २१ जून १८५२ रोजी मारिएनताल येथे फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० मध्ये. तोवर त्याच्या हाताखाली तयार झालेल्या शिक्षिकांनी हे काम परदेशांतही नेले होते.

श्वाइना गावी त्याच्या थडग्यावर घन, वृत्तचिती आणि गोल असे एकावर एक दगड रचलेले आहेत. मुलांच्या हाती तो हेच आकार देत असे.