गिरणीकामगारांचे कैवारी

भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव हे गाव कोशाच्या रेशमी कापडासाठी प्रसिद्ध आहे. तेथील विणकर पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर कापड विणीत आले. हातमाग माणसाच्या हातापायांनी चालतो. विणकर थकला, की माग थांबतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत वाफेवर चालणाऱ्या कापडगिरण्या निघाल्या आणि ही रीत पालटली. तेथे यंत्राच्या गतीने माणसाला धावावे लागे. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रे धडधडत असत. हवेत कापसाची धूळ उडे आणि श्वासाबरोबर ती छातीत जाई. थकलेल्या कामगाराचा हात क्षणभर चुकला, की तो फिरत्या पट्ट्यात सापडे. जखमी होऊन घरी बसणाऱ्याला वेतन कोण देणार?

हा प्रश्न नारायण मेघाजी लोखंडे यांनी सरकारपुढे मांडला. त्यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. रेल्वे आणि टपाल या खात्यांत नोकरी केल्यानंतर ते मांडवी येथील एका गिरणीत कोठाराचे काम पाहू लागले. कामगारांचे हाल तेथे त्यांच्या नित्य दृष्टीस पडत. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत अनुयायी होते. १८८० पासून 'दीनबंधु' हे पत्र ते मुंबईहून चालवू लागले आणि त्यातून कामगारांची बाजू मांडू लागले.

१८८१ साली कारखान्यांविषयी पहिला कायदा झाला होता. परंतु त्याने मुख्यतः लहान मुलांच्या कामाचे तास ठरविले. प्रौढ कामगारांना विश्रांती मिळाली नाही. म्हणून १८८४ साली लोखंडे यांनी परळ येथे कामगारांची सभा भरविली. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या मंडळाकडे गेला. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. पगार वेळेवर व्हावा. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन द्यावे, आणि तो कायमचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय करावी, अशा त्या मागण्या होत्या. त्याच साली त्यांनी गिरणीकामगारांची संस्था स्थापन केली.

एका अर्जाने कार्य साधले नाही. पण लोखंडे यांनी धीर सोडला नाही. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत भरलेल्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्यातून एक दिवस सुट्टी देण्याचे मान्य केले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्ध्या तासाचा विसावा या गोष्टींना आधार दिला.

पुढे मुंबईत प्लेगची साथ आली. रोग्यांच्या साहाय्यास धावलेले लोखंडे त्याच रोगाला बळी पडले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

जखमी कामगाराविषयीची त्यांची मागणी मात्र अपुरीच राहिली होती. कामावर अपघात झाल्यास मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा १९२३ साली झाला. अर्ज केल्यापासून एकोणचाळीस वर्षे लोटली होती आणि लोखंडे ते पाहावयास उरले नव्हते. आंधळगावच्या विणकराला जो विसावा आपल्या घरी सहज मिळे, तो गिरणीतील कामगाराला मिळावा म्हणून त्यांनी आपले आयुष्य वेचले.