पदकावर कोरलेले नाव : नाईक यशवंत घाडगे

ब्राँझचा एक छोटासा क्रॉस, त्यावर मुकुट, मुकुटावर उभा सिंह आणि वर किरमिजी फीत. सोन्याचांदीचा लवलेशही नसलेले हे पदक म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च शौर्य सन्मान. रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धाच्या काळात, १८५६ मध्ये राणी व्हिक्टोरियाने तो सुरू केला. सेव्हास्तोपोल येथे हाती आलेल्या रशियन तोफा वितळवून हे पदक घडवले जाते, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. अनेक पदकांचा धातू चिनी तोफांचा असल्याचे पुढे संशोधनात आढळले. धातू कोणत्याही तोफेचा असो, पदकाच्या मागील बाजूस पराक्रमाची तारीख आणि वरच्या पट्टीमागे सैनिकाचे नाव कोरलेले असते. अशाच एका पदकाचे मानकरी ठरले नाईक यशवंत घाडगे. त्यांची तारीख होती १० जुलै १९४४. पदक तयार झाले, तेव्हा ते पाहण्यास यशवंतराव हयात नव्हते.

तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव हे त्यांचे गाव. १६ नोव्हेंबर १९२१ हा त्यांचा जन्मदिवस. कोकणातून आणि देशावरून पलटणीत जाण्याची परंपरा जुनी होती. यशवंतरावही त्याच वाटेने पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत दाखल झाले आणि तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक या हुद्द्यापर्यंत पोहोचले.

तो काळ मोठा विलक्षण होता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा पुकारा झाला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा पोलिसांच्या गोळीला बळी पडला. शिरपूर, धुळे, जळगाव या साऱ्या परिसराला तो दिवस विसरता आलेला नाही. ज्या सरकारच्या गोळीने शिरीषकुमार गेला, त्याच सरकारच्या फौजेत लक्षावधी भारतीय तरुण दूरदेशी लढत होते. या विसंगतीमुळेच स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या महायुद्धातील भारतीय सैनिकाला इतिहासाच्या पानांत नेमके स्थान मिळाले नाही. हुतात्म्यांच्या रांगेत तो बसत नव्हता आणि परक्यांचा शिपाई म्हणून त्याला दूर सारणेही मनाला पटत नव्हते.

इटलीच्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक उतरले होते. १९४४ च्या जूनमध्ये रोम पडले आणि जर्मन सैन्य डोंगराडोंगरांतून लढत उत्तरेकडे मागे सरकू लागले. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील प्रत्येक टेकडी त्यांनी मशीनगनच्या मोर्चांनी बांधून काढली होती. यशवंतरावांच्या बटालियनला याच टेकड्या चढायच्या होत्या.

१० जुलै रोजी त्यांच्या कंपनीने एका भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. यशवंतराव आपल्या छोट्या तुकडीच्या अग्रभागी होते. अगदी जवळून मशीनगन धडाडली आणि तुकडीतील एकूण एक जवान ठार किंवा जखमी झाला. उभे राहिले ते एकटे यशवंतराव. मागून येणारे कोणी नाही हे पुरते ठाऊक असताना ते मोर्चाकडे धावले. हातबॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा सैनिक दोघांनाही निकामी केले. टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलण्यास क्षणाचीही उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याच्या प्रहारांनी उरलेल्या दोघांना त्यांनी गारद केले. मोर्चा हाती आला, परंतु दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. वय अवघे २२ वर्षांचे.

नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडनच्या राजपत्रात व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा झाली. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांनी दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते ते पदक स्वीकारले. यशवंतरावांची स्वतंत्र कबर मात्र इटलीत नाही. कॅसिनो येथील स्मारकावर, ज्यांना कबर लाभली नाही अशा सैनिकांच्या यादीत त्यांचे नाव कोरलेले आहे. नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ रोजी, याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमधील नामदेव जाधव यांनी सेनिओ नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते सुदैवाने परतले. इटलीत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांचे होते, आणि ५,७८२ भारतीय सैनिक तेथे कामी आले.

युद्धातील पदकांचा संग्रह करणारे जाणकार जगभर आहेत. त्यांतील खऱ्या अभ्यासकाला धातूपेक्षा त्यामागच्या माणसाची ओढ अधिक असते. सोव्हिएत रशियाच्या ‘रेड स्टार’ या सन्मानचिन्हावर नाव नसते, मागे केवळ क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून अभिलेखागारातील कागद शोधून सैनिकाचा माग काढावा लागतो. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने २०१० मध्ये अशी कागदपत्रे संगणकाद्वारे खुली केली आणि कित्येक अनामिक चिन्हांना चेहरे मिळाले. हेच चिन्ह १९४४ मध्ये दोन भारतीयांच्याही छातीवर लागले. इराणमार्गे रशियाला रसद पोहोचवणाऱ्या भारतीय सेनेच्या पुरवठा दलातील सुभेदार नारायणराव निक्कम आणि हवालदार गजेंद्रसिंह चंद हे ते दोघे.

यशवंतरावांच्या पदकावर त्यांचे नाव होते, तरीही त्या नावाची आठवण मोठ्या शहरांनी फारशी ठेवली नाही. माणगावकरांनी मात्र ती जपली. तेथे त्यांचे स्मारक उभे आहे. इटलीनेही ऋण मानले. जुलै २०२३ मध्ये टायबर खोऱ्यातील मोंतोने या गावी त्यांच्या नावाने स्मारक उभारण्यात आले आणि त्यासाठी रूप निवडले गेले सूर्यघड्याळाचे. ज्या टेकड्यांवर एक कोकणी तरुण कोसळला, त्या टेकड्यांच्या सावलीत आज त्याच्या नावाने वेळ मोजली जाते.

शिरपूरपासून सावंतवाडीपर्यंत अनेक घरांतील जुन्या ट्रंकांत आजोबा-पणजोबांची पदके फडक्यात गुंडाळून पडलेली असतील. मोडीत घालण्यापूर्वी किंवा संग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी ती उजेडात धरून पाहावीत. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली आढळते. धारातीर्थी पडलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या सूचीत इंटरनेटवर विनामूल्य शोधता येतात. पदकाला बाजारात किंमत मिळेलही, परंतु पदकापासून नाव एकदा तुटले, की ते पुन्हा जुळवणे अत्यंत अवघड असते. यशवंत घाडगे यांना कबरही लाभली नाही. त्यांच्यासाठी ब्राँझवर आणि दगडावर कोरलेले नाव हीच समाधी आहे.