रॉबर्ट हूक: तुमच्या ऑफरोड गाडीच्या स्प्रिंगमागचा माणूस

थार, जिम्नी किंवा जुनी जीप हातात आली की काही दिवसांतच लिफ्ट किटचा विषय निघतो. स्प्रिंग कुठली घ्यायची? शॉकअप बदलायचे का? गाडी किती इंच उचलायची? इंजिनिअरिंगला असताना हूकचा नियम आमच्यासाठी दोन मार्कांचा प्रश्न होता. तो शोधणारा माणूस मी नंतर वाचला, आणि तेव्हा लक्षात आलं की वरच्या प्रश्नांची बरीचशी उत्तरं त्याच्याच कामात आहेत. त्याने मांडलेल्या दोन गोष्टी आजही फोर बाय फोर गाड्यांखाली असतात. गाडी उचलली की दोन्हींवर परिणाम होतो.

हाताने शिकलेला मुलगा

रॉबर्ट हूकचा जन्म १८ जुलै १६३५ चा, इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट बेटावरचा. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. मुलाची तब्येत नाजूक, त्यामुळे शाळा कमी आणि वस्तू उघडून बघणं जास्त. सुटं केलेलं एक पितळी घड्याळ पाहून त्याने तसंच लाकडाचं बनवलं, आणि ते चाललं. तो १३ वर्षांचा असताना वडील वारले. मग लंडनची वेस्टमिन्स्टर शाळा आणि पुढे ऑक्सफर्ड. तिथे तो रॉबर्ट बॉईलचा सहायक झाला. बॉईलचे हवेवरचे प्रयोग ज्या पंपावर झाले, तो हूकने तयार केला होता.

१६६२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला प्रयोगांची जबाबदारी दिली. म्हणजे दर आठवड्याच्या सभेत नवे प्रयोग करून दाखवायचे. आपल्या भाषेत, दर आठवड्याला लाइव्ह डेमो! १६६५ मध्ये त्याचं मायक्रोग्राफिया हे सूक्ष्मदर्शकावरचं पुस्तक आलं. जीवशास्त्रातला सेल हा शब्द तिथूनच आला.

१६६५ ची टेस्ट ड्राइव्ह

त्याच वर्षी १ मे रोजी हूक आणि सोसायटीची काही मंडळी कर्नल ब्लंट यांच्या घरी गेली. सॅम्युअल पेप्स याच्या डायरीत याची नोंद आहे. बग्गीचे धक्के कमी कसे करायचे, याचे प्रयोग तिथे चालू होते. एका बग्गीचा अख्खा सांगाडा एका लांब स्प्रिंगवर ठेवला होता. सगळे आळीपाळीने त्यात बसले आणि पेप्सला ती बग्गी फारच आरामदायी वाटली. स्प्रिंग उपयोगी आहे हे सगळ्यांना कळलं होतं. पण किती वजनाला किती दबेल, हे आधीच सांगता येईल का?

कोड्यात लपवलेला नियम

हूकने याचं उत्तर मोजून काढलं. गुंडाळलेली तार, घड्याळाची स्प्रिंग, लांब सरळ तार, अगदी लाकूडसुद्धा. प्रत्येकावर वजन वाढवत नेलं आणि किती ताणलं गेलं ते लिहून ठेवलं. वजन दुप्पट, तर ताणही दुप्पट.

पण हे त्याने लगेच उघड केलं नाही. १६७५ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने स्प्रिंगवर चालणारं घड्याळ जाहीर केलं. ही कल्पना आपली आधीची आहे, यावरून हूकने मोठं भांडण केलं. १६७६ मध्ये त्याने आपला नियम १४ अक्षरांची उलटसुलट जुळणी करून छापला, म्हणजे श्रेय राखीव आणि गुपित सुरक्षित. उत्तर त्याने १६७८ च्या स्प्रिंगवरच्या पुस्तकात दिलं.

आता हाच नियम तुमच्या गाडीला लावू. समजा पुढे स्टीलचा बंपर आणि विंच मिळून ६० किलो वजन वाढलं. दोन स्प्रिंगमध्ये ते ३०-३० किलो वाटलं जाईल, म्हणजे प्रत्येकीवर साधारण ३०० न्यूटन. स्प्रिंगचा रेट ३० न्यूटन प्रति मिलीमीटर असेल, आणि सोपं जावं म्हणून ती सरळ अॅक्सलवर बसली आहे असं धरलं, तर गाडी पुढून १० मिलीमीटर बसेल. एवढ्यासाठी जड स्प्रिंगची गरज आहे का, ते तुम्हीच ठरवा. रिकाम्या गाडीत जड वजनाची स्प्रिंग टाकली, तर चाक खड्ड्यात नीट उतरत नाही आणि पकड सुटते.

शॉकअप कशाला?

त्याच पुस्तकात हूकने स्प्रिंगच्या हेलकाव्यांवरही लिहिलं. हेलकावा लहान असो वा मोठा, वेळ तेवढाच लागतो. घड्याळासाठी हे वरदान, गाडीसाठी डोकेदुखी. स्प्रिंग घेतलेली ऊर्जा परत देते, म्हणून गाडी उसळत राहते. शॉकअपमधलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि त्या ऊर्जेची उष्णता होते. वजन तेच ठेवून स्प्रिंग ४४ टक्के कडक केली, तर हेलकावे २० टक्के वेगाने होतात आणि तेवढाच आवर घालायला शॉकअपही २० टक्के जोरकस लागतो. नुसती स्प्रिंग बदलून जुने शॉकअप ठेवले, तर वेगात गाडी हवेत उसळू शकते.

दुसरी गोष्ट: क्रॉस

खगोलशास्त्राच्या उपकरणांसाठी हूकने कोनात फिरणारा जॉइंट १६७० च्या दशकात मांडला. इंग्रजीत त्याला आजही हूकचा जॉइंट म्हणतात. प्रोपेलर शाफ्टला मेकॅनिक ज्याला क्रॉस म्हणतो, तो हाच. गाडी उचलली की शाफ्टचा कोन वाढतो, आणि कोन वाढला की थरथर आणि झीजही वाढते.

शेवट

१६६६ च्या आगीनंतर लंडनच्या जमिनी मोजायचं काम हूककडे आलं आणि त्यातून त्याने भरपूर पैसा कमावला. पुढे गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून त्याचं न्यूटनशी बिनसलं, ते कायमचं. ३ मार्च १७०३ ला तो गेला, तेव्हा घरातल्या पेटीत हजारो पाउंड सापडले. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचं खात्रीचं एकही चित्र आज उपलब्ध नाही. न्यूटनने ते नष्ट केलं अशी गोष्ट इंटरनेटवर फिरते, पण तिला पुरावा नाही. गंमत म्हणजे हूकच्या स्प्रिंगचा रेट आपण न्यूटनमध्येच मोजतो.

थोडक्यात, खरेदीचा क्रम

१. आधी गाडीवर कायमचं किती वजन वाढलंय ते मोजा. कधीतरी नेणारं सामान यात धरू नका.
२. त्या वजनाला जुळणारा स्प्रिंग रेट निवडा. उंची त्यानंतर.
३. त्या स्प्रिंगसाठीच ट्यून केलेले शॉकअप घ्या.
४. लिफ्टनंतर प्रोपेलर शाफ्टचा कोन, ब्रेकच्या नळ्या आणि व्हील अलाइनमेंट तपासून घ्या.
५. आरटीओचे नियम पैसे देण्याआधी बघा.

दुकानदार आधी इंच सांगायला लागला, तर त्याला स्प्रिंगचा रेट विचारा.