बालनेत्रांचे कैवारी डॉ. हर्मान कोन

फळ्यावरील अक्षर ज्यास वाचता येत नाही, अशा मुलास आपण पुष्कळदा मंद अथवा आळशी ठरवून मोकळे होतो. आपणांस दूरचे दिसत नाही, हे त्या बिचाऱ्यास स्वतःलाही ठाऊक नसते. कारण इतरांना काय दिसते, हे त्यास कळावे कसे? अशा मुलांची बाजू शास्त्राच्या आधारे प्रथम ज्यांनी जगापुढे मांडली, त्यांत ब्रेस्लाऊ विद्यापीठातील नेत्रवैद्य डॉ. हर्मान कोन यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या चरित्राचा अल्प परिचय आपल्या ज्ञातिबंधुभगिनींस उपयुक्त वाटेल, अशी आशा आहे.

डॉ. कोन यांचा जन्म १८३८ साली प्रशियातील ब्रेस्लाऊ येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे नगर आज पोलंडमध्ये असून व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. तरुणपणी त्यांचा ओढा पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांकडे होता. हायडेलबर्ग येथे बुन्सेन व किर्खोफ यांच्यासारख्या गुरूंपाशी त्यांनी अध्ययन केले. पुढे ते वैद्यकाकडे वळले आणि १८६३ साली पदवी घेऊन ब्रेस्लाऊ येथील विख्यात नेत्रतज्ज्ञ फ्योर्स्टर यांचे साहाय्यक झाले.

याच काळात त्यांनी आपल्या आयुष्यातील महत्कार्य हाती घेतले. उट्रेख्टच्या स्नेलन यांनी १८६२ साली दृष्टी मोजण्याचा अक्षरतक्ता प्रसिद्ध केला होता. त्यामुळे दृष्टीस माप मिळाले. कोन यांनी १८६५ व १८६६ या वर्षांत शाळाशाळांतून हिंडून तब्बल १०,०६० मुलांच्या नेत्रांची पाहणी केली. तिचा निष्कर्ष १८६७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा शिक्षणक्षेत्रात खळबळ उडाली. खेड्यांतील शाळांत ऱ्हस्वदृष्टीची मुले शेकडा १.४ होती. शहरातील प्राथमिक शाळांत तेच प्रमाण ६.७, तर विद्यापीठाची वाट दाखविणाऱ्या जिम्नॅशियम नामक उच्च शाळांत २६.२ भरले. इयत्तेगणिक हा दोष वाढत जाऊन जिम्नॅशियमच्या शेवटच्या वर्गात निम्म्याहून अधिक विद्यार्थी त्याने ग्रासलेले आढळले.

कोन यांनी मुलांस दोष दिला नाही. त्यांनी शाळेकडे बोट दाखविले. अंधाऱ्या खोल्या, मुलास वाकावयास लावणारी बेढब बाके व बारीक छपाई यांवर त्यांनी टीका केली. वर्गात भरपूर उजेड यावा, तो डाव्या बाजूने यावा आणि बाक मुलाच्या उंचीस साजेसे असावे, असा त्यांचा आग्रह होता. १८८२ साली जिनीव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत त्यांनी शाळांना स्वतंत्र वैद्य असावेत, अशी मागणी केली. १८७४ पासून विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या या गृहस्थाने अखेरपर्यंत हाच ध्यास बाळगला. १९०६ साली ब्रेस्लाऊ येथेच त्यांचे देहावसान झाले. नेपोलियन व बिस्मार्क यांचे चरित्रकार म्हणून जगप्रसिद्ध झालेले एमिल लुडविग हे त्यांचे पुत्र होत.

त्यांची सर्वच अनुमाने काळाच्या कसोटीस जशीच्या तशी उतरली नाहीत. केवळ बाके बदलून ऱ्हस्वदृष्टी टळत नाही. मात्र उजेडाविषयीच्या त्यांच्या आग्रहास अलीकडील संशोधनाने निराळ्या अर्थाने बळ दिले आहे. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेतील लहान मुलांस रोज ४० मिनिटे अधिक वेळ उघड्यावर नेण्यात आले. तीन वर्षांत त्यांपैकी शेकडा ३०.४ मुलांस हा दोष नव्याने जडला, तर इतर मुलांत हेच प्रमाण ३९.५ होते, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. कोन यांना वर्गात जो प्रकाश हवा होता, तो मुलांस अंगणात सहज मिळतो.

आपली ज्ञाती विद्येची भोक्ती आहे. गुणवंतांचा सत्कार आपण हौसेने करतो, हे योग्यच होय. परंतु जो मुलगा वा जी मुलगी मागे पडली आहे, तिला रागे भरण्यापूर्वी तिचे डोळे एकवार तपासून घ्यावे, आणि चष्मा लागल्यास, विशेषतः मुलीच्या बाबतीत, त्यात कमीपणा मानू नये. सायंकाळी पुस्तक मिटवून मुलांस खेळावयास पिटाळणे हेही पालकांचे कर्तव्यच आहे. डॉ. कोन यांचे स्मरण करण्याचा याहून उचित मार्ग दुसरा नाही.