खराट्यानंतरचं कीर्तन

भिवंडीत बोलणं म्हणजे ओरडणंच! आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग. त्या खडखडाटात मोठ्याने बोललं की म्हणणं पोचलं, असं मला वाटायचं. मागच्या पावसाळ्यात गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दल मी वीस मिनिटं भाषण ठोकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. गटार तसंच! त्यानंतर मी गाडगेबाबांचं चरित्र हातात घेतलं.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, जिल्हा अमरावती. शाळा नाहीच. वडील दारूपायी लवकर गेले, मामाची जमीन सावकाराने गिळली. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, सोबत गाडगं आणि खराटा, बस्स.

गावात शिरले की कुणाशी न बोलता आधी झाडायला लागायचे. लोक बघायला जमत, काही लाजून हातभार लावत. कीर्तन रात्री. तेही बुवा एकटा बोलतोय आणि श्रोते पेंगतायत, असलं नाही. अस्सल वऱ्हाडीत ते साधे प्रश्न विचारायचे. कर्ज काढून सण केला तर फेडतं कोण? नवसाचा बकरा देव खातो की आपण? उत्तर लोकांनीच द्यायचं. होय-नाही म्हणता म्हणता माणूस अलगद अडकायचा, आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं नाकारणार कसं? (आमच्या व्हायव्हातही अडकतोच म्हणा, पण त्यात आमचं भलं काही होत नाही!)

तोंड उघडण्याआधी बाबांचं ठरलेलं असे, आज या गावाकडून नेमकं काय हवंय. दारू सुटावी, पोरं शाळेत जावीत, बकरा वाचावा. स्वतःसाठी काहीच नको, म्हणून मागताना संकोचही नाही. अशाच बोलण्यावर पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतः मात्र भाकरी मागूनच खायचे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, प्रवासातच गेले.

यंदा मी भाषण केलं नाही. फावडं घेऊन गटारापाशी गेलो. थोडा गाळ काढून झाल्यावर शेजारच्या काकांना एवढंच विचारलं, की पाणी चढलं की आधी कुणाच्या घरात शिरतं? काका जरा वेळ गप्प राहिले. मग आत जाऊन घमेलं घेऊन आले. पलीकडचे तिघे मात्र अजून खिडकीतूनच बघतायत.